मिलिट्रीतून रिटायर झालेला माणूस आमदारकीला उभा राहतो तेव्हा

गोवा विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते, म्हणजे निवडणूक त्याच्या आतच होणार, आणि ती जवळ यायला लागली की तिंट्यावर म्हणजे गावच्या नाक्यावर, सलूनात, देवळाच्या मंडपात एक विषय हमखास निघतो: अमका मिलिट्रीतून रिटायर होऊन आलाय, शिस्तीचा माणूस आहे, ह्यावेळी उभा राहणार म्हणतात. लगेच दुसरा म्हणतो अरे पण त्याला पेन्शन मिळते ना, म्हणजे सरकारी माणूसच झाला की, त्याला कसं चालेल. तिसरा म्हणतो रिटायर झाल्यावर दोन वर्षं थांबावं लागतं. चौथ्याच्या मते एक्स-सर्व्हिसमनला राखीव सीट असते. ह्यातलं एकही बरोबर नाही. पण लोकांचा गोंधळ होतो तो उगाच नाही, कारण ह्या विषयात घटना, निवडणूक कायदा, आर्मीचे नियम असं सगळं एकत्र येतं आणि कोणी ते एका जागी बसून सांगत नाही, म्हणून हा प्रयत्न.

नोकरीत असताना

नोकरीत असलेल्या सैनिकाला अजिबात चालत नाही. घटनेचं कलम ३३ संसदेला मुभा देतं की सैन्यदलातल्या लोकांच्या काही मूलभूत हक्कांवर मर्यादा घालता येतील, आणि तशी मर्यादा आर्मी ॲक्ट १९५० आणि आर्मी रूल्स १९५४ मध्ये घातलेली आहे. नियम २० वाचला तर कळतं किती कडक आहे ते. राजकीय सभेला जायचं नाही, पक्षात जायचं नाही, पक्षाला वर्गणी द्यायची नाही, स्वतःला उमेदवार म्हणून जाहीर करायचं नाही, आणि मजा म्हणजे दुसऱ्याला आपलं नाव उमेदवार म्हणून जाहीर करू द्यायचं पण नाही, 'संभाव्य उमेदवार' म्हणून सुद्धा नाही. म्हणजे मुलगा अजून नोकरीत आणि इकडे दोस्तांनी चतुर्थीच्या शुभेच्छांचा त्याचा फोटो लावून 'आमचे भावी आमदार' असा बॅनर टांगला तर त्रास त्या बिचाऱ्याला. नेव्ही आणि एअर फोर्सचं पण साधारण असंच आहे. मत मात्र देता येतं, ते कोणी काढून घेतलेलं नाही.

टेरिटोरियल आर्मीचा प्रकार थोडा वेगळा, कारण तिथे लोक आपला नेहमीचा उद्योग सांभाळून सैनिक असतात. सचिन पायलट यांनी २०१२ मध्ये आणि अनुराग ठाकूर यांनी २०१६ मध्ये खासदार असतानाच टेरिटोरियल आर्मीत कमिशन घेतलं होतं, खासदारांसाठी कायद्यातच तशी सूट आहे. पण आपण बोलतोय तो रेग्युलर नोकरी करून आलेला माणूस.

इथे एक ट्रॅप आहे जो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पेन्शन सुरू झाल्यावर खूप जवान डीएससीत म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये परत भरती होतात. गावाच्या हिशोबाने तो रिटायर झालेला असतो, आर्मी ॲक्टच्या हिशोबाने तो परत नोकरीत असतो. तसंच कोणी रिटायर होऊन सरकारी खात्यात किंवा महामंडळात लागला असेल तर तिथे 'लाभाचं पद' म्हणजे सरकारी पगाराचं पद धरणाऱ्याला आमदार होता येत नाही हा मुद्दा येतो, घटनेच्या कलम १९१ खाली. उमेदवार पात्र आहे की नाही हे बघायचा दिवस म्हणजे अर्जांच्या छाननीचा दिवस, त्यामुळे राजीनामा दिलाय एवढं पुरत नाही, तो मंजूर होऊन सुटका झाल्याचा कागद त्या दिवशी हातात पाहिजे. कोणाच्या नावावर पीडब्ल्यूडीचं एखादं चालू कंत्राट असेल तर तेही आधी निस्तरावं लागतं, सरकारशी चालू कंत्राट असलेला माणूस उभा राहू शकत नाही.

रिटायर झाल्यावर

एकदा सुटला की सुटला. पेन्शन म्हणजे पद नव्हे, केलेल्या नोकरीचा पैसा आहे तो, त्यामुळे लाभाच्या पदात बसत नाही. थांबण्याची मुदत वगैरे काही नाही. रिटायर झालेल्या अधिकाऱ्याला खाजगी कंपनीत नोकरी धरायची तर एका वर्षाच्या आत परवानगी लागते, त्यावरून लोकांनी हे थांबण्याचं प्रकरण काढलं असावं, निवडणुकीला ते लागू नाही. आज सुटला तर उद्या अर्ज भरू शकतो. आणि राखीव सीट? ती अजिबात नाही, एक्स-सर्व्हिसमनचं आरक्षण नोकऱ्यांत असतं, विधानसभेत नाही.

मात्र एक भानगड आहे, ती म्हणजे सुटला कसा. पेन्शन घेऊन किंवा व्यवस्थित डिस्चार्ज घेऊन आलेल्याला काही अडचण नाही. पण बडतर्फ झालेला असेल तर मामला बदलतो. भ्रष्टाचार किंवा देशाशी बेइमानी ह्या कारणाने सरकारी नोकरीतून काढलेला माणूस पाच वर्षं उभा राहू शकत नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही कारणाने काढला असेल तरी पाच वर्षांच्या आत उभं राहताना निवडणूक आयोगाकडून 'ह्या दोन कारणांनी काढलेलं नाही' असं सर्टिफिकेट आणून अर्जाला जोडावं लागतं. बीएसएफचे तेज बहादूर यादव आठवतात? जेवणाचा व्हिडिओ टाकून गाजलेले, २०१७ मध्ये त्यांना काढलं, २०१९ मध्ये ते वाराणसीतून पंतप्रधानांच्या विरोधात उभे राहायला गेले आणि नेमकं हे सर्टिफिकेट नाही म्हणून अर्ज फेटाळला गेला. सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, तिथेही २०२० मध्ये हरले. एका कागदाची गोष्ट, पण देशभर गाजलेली उमेदवारी त्यात गेली.

वय किमान २५ पाहिजे. इथे जवानाला खरं तर फायदा असतो, कारण १५ वर्षांच्या नोकरीनंतर त्याला पेन्शन लागू होते, म्हणजे अठरा-एकोणीसाव्या वर्षी भरती झालेला मुलगा पस्तिशीत मोकळा होऊ शकतो, राजकारणासाठी हे वय म्हणजे सगळी उमर पुढे. अग्निवीरांचं उलटं आहे. २०२२ मध्ये ती योजना आली, चार वर्षांची नोकरी, त्यामुळे पहिल्या तुकड्यांतले बरेच जण पंचविशीच्या आतच घरी येतात, त्यांना पंच म्हणून उभं राहता येईल कारण पंचायतीला २१ वर्षं पुरतात, आमदारकीला थांबावं लागेल. त्यांना पेन्शन नाही ती नाहीच.

आणि हे फक्त गोव्यातच सांगावं लागतं: पोर्तुगालचं नागरिकत्व. आईवडिलांच्या जन्माच्या नोंदीवरून ते घेता येतं आणि ब्रेक्झिटच्या आधी इंग्लंडला जायला म्हणून घरंच्या घरं घेत होती, कोणाला दोष द्यायचा नाही, पोटाचा प्रश्न असतो. पण आपल्या कायद्यात परदेशी नागरिकत्व स्वखुशीने घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी मतही नाही आणि उमेदवारीही नाही. वीस वर्षं देशाच्या सीमेवर काढली हे इथे मोजत नाहीत.

यादीत नाव कुठे आहे

माझ्या मते रिटायर्ड फौजीच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ इथे होऊ शकतो, म्हणून जरा सावकाश बघू.

विधानसभेला उभं राहायला त्या राज्यातल्या कुठल्याही एका मतदारसंघाच्या यादीत नाव पाहिजे. लोकसभेला देशात कुठेही नाव असलं तरी चालतं, विधानसभेला नाही. आता सैनिक नोकरीत असताना सर्व्हिस व्होटर असतो, म्हणजे तो राहतो लेहला नाहीतर जोधपूरला, पण कायदा धरून चालतो की नोकरी नसती तर तो आपल्या गावात राहिला असता, म्हणून त्याचं नाव गावच्या यादीत, सगळ्यात शेवटच्या भागात येतं आणि तो पोस्टाने मत देतो. २०१६ पासून मतपत्रिका इंटरनेटवरून जाते, भरून परत मात्र पोस्टानेच येते. पण पीस स्टेशनला म्हणजे सीमेपासून लांब, शांत ठिकाणी कुटुंबासोबत राहणाऱ्या सैनिकाला पोस्टिंगच्या गावातही साधा मतदार म्हणून नाव घालता येतं. म्हणून कोणी पुण्याला किंवा बेळगावला असताना तिथे नाव घातलं, रिटायर होऊन गोव्यात आला, घर बांधलं, जत्रेला वर्गणी दिली, सगळ्यांना माहीत आहे हा आमचाच, पण यादीत तो अजून पुण्याचा. अर्ज छाननीत उडणार आणि त्यात कोणाचा कट-बिट नसणार. सर्व्हिस यादीतून नाव काढून फॉर्म ६ भरून साध्या यादीत घेणं हे रिटायर झाल्या झाल्या करायचं काम. यादीत नाव घालायची पात्रता बघायला वर्षातून आता चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, पण उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की यादीत नवीन नाव घुसत नाही.

समजा पेडणे शहरातला एक निवृत्त सुभेदार आहे. पेडणे मतदारसंघ गोव्यातला एकमेव अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ, म्हणून सुभेदार त्या प्रवर्गातला नसेल तर स्वतःच्या घराच्या मतदारसंघात तो मत देऊ शकतो पण उभा राहू शकत नाही. मग काय? बाजूचा मांद्रे मतदारसंघ राखीव नाही, तिथे उभा राहू शकतो, नाव पेडण्याच्या यादीत असलं तरी. फक्त अर्जासोबत पेडण्याच्या यादीतल्या त्याच्या नोंदीची सर्टिफाइड कॉपी जोडायची. आणि सूचक म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारे मात्र मांद्रेचे मतदार पाहिजेत, पेडण्यातले मित्र चालत नाहीत. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर एकच सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात.

अजून एक शपथेचं. भरतीच्या वेळी घटनेशी निष्ठेची शपथ घेतलेली असते, पण ती इथे चालत नाही. उमेदवाराची शपथ वेगळी, अर्ज भरल्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर घ्यायची आणि छाननीच्या दिवसाच्या आत घ्यायची.

पैसे आणि निशाणी

डिपॉझिट दहा हजार, एससी-एसटी उमेदवाराला पाच हजार. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर ते जातं, म्हणजे मतदारसंघात २४,००० वैध मतं पडली तर चार हजारांच्या वर जावं लागेल. नोटाची मतं ह्या हिशोबात धरत नाहीत.

खर्चाची मर्यादा गोव्यासारख्या लहान राज्यात २८ लाख, मोठ्या राज्यांत ४० लाख. त्यासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरायच्या आधी उघडावं लागतं, पेन्शनच्या खात्यातून परस्पर खर्च केलेला चालत नाही. ही मर्यादा उमेदवाराची आहे, पक्षाच्या एकूण खर्चावर अशी मर्यादा नाही, आणि म्हणून अपक्ष फौजी आणि मोठ्या पक्षाचा उमेदवार कागदावर सारखे दिसतात, रस्त्यावर नाही दिसत. २८ लाखांत मतदारसंघ लढवून जिंकलो असं कोणी शपथेवर सांगत असेल तर लोक गालात हसतात, हे काय मी सांगायला नको.

अपक्षाला पैशापेक्षा जास्त मारतं ते निशाणीचं वेळापत्रक. पक्षाच्या उमेदवाराची निशाणी लोकांच्या डोक्यात चाळीस-चाळीस वर्षं बसलेली असते. अपक्षाला निशाणी मिळते ती माघारीची मुदत संपल्यावर. २०२२ चं बघा: अर्जाची शेवटची तारीख २८ जानेवारी, छाननी २९ ला, माघार ३१ जानेवारीपर्यंत आणि मतदान १४ फेब्रुवारी. शेवटचे ४८ तास प्रचार बंद. म्हणजे अपक्षाच्या हातात आपली निशाणी घेऊन फिरायला जेमतेम बारा दिवस, त्यात पत्रकं छापून यायला दोन दिवस जाणार. मशीनवर पण मान्यताप्राप्त पक्षांची नावं वर, अपक्ष सगळ्यात खाली. म्हातारी मतदार आत गेली आणि तिला निशाणी आठवली नाही तर 'तो मिलिट्रीवाला' असं मशीनवर कुठे लिहिलेलं नसतं. उमेदवाराचा फोटो असतो तेवढाच आधार.

मतं

२०२२ मध्ये गोव्यात साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार होते आणि मतदारसंघ ४०, म्हणजे सरासरी तीस हजाराच्या आतले मतदारसंघ. महाराष्ट्रातल्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो ही नगरपालिकेची निवडणूक आहे काय. पण लहान मतदारसंघात नवीन माणसाला सोपं जातं असं नाही, उलट आहे. इथे प्रत्येक घर मोजलेलं असतं. २०२२ मध्ये सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्सचे वीरेश बोरकर ७६ मतांनी जिंकले, फोंड्यात रवी नाईक ७७ मतांनी, पणजीत उत्पल पर्रीकर अपक्ष उभे राहून ७१६ मतांनी हरले. एवढ्या फरकात एका वाड्यावरची दोन मोठी कुटुंबं आणि पोस्टाने आलेली काही मतपत्रिका पुरेशा होतात. आणि आमदारकीचा उमेदवार इथे कसा तयार होतो तर गावातल्या प्रत्येक मर्तिकाला, बारशाला, कालोत्सवाला हजेरी लावून, क्रिकेट टुर्नामेंटला ट्रॉफी देऊन, मेडिकल कॉलेजात बांबोळीला कोणाला बेड मिळवून देऊन. फौजीने ती वीस वर्षं भलतीकडे काढलेली असतात, वर्षातून एकदा चतुर्थीला सुट्टी मिळाली तर मिळाली. त्याच्याबद्दल आदर असतो, पण आदर आणि मत ह्या दोन वेगळ्या खात्यांत जमा होतात.

उदाहरणं दोन्ही बाजूंची आहेत. आपल्या गोव्यातलं सगळ्यात ताजं म्हणजे कॅप्टन विरियातो फर्नांडिस, नेव्हीतून निवृत्त. २०२२ मध्ये काँग्रेसतर्फे दाबोळीतून विधानसभेला उभे राहिले, माविन गुदिन्होंकडून हरले. २०२४ मध्ये दक्षिण गोवा लोकसभेला पल्लवी धेंपे यांना १३,५३५ मतांनी हरवून खासदार झाले. म्हणजे विमानतळ आणि आयएनएस हंसा जिथे आहे त्या मतदारसंघात हरले आणि वीस मतदारसंघ एकत्र केल्यावर जिंकले. माझं वाचन असं की लोकसभेला हवा चालते, पक्ष चालतो, समाजाचं गणित चालतं, विधानसभेला वाडा चालतो. (नेव्हीतला कॅप्टन म्हणजे आर्मीच्या कर्नलच्या बरोबरीचा, आणि जहाजावरचा मर्चंट नेव्हीचा कॅप्टन हा एक्स-सर्व्हिसमन नव्हेच, गोव्यात घराघरात शिपी म्हणजे जहाजावर काम करणारे असल्यामुळे हे तिन्ही एकत्र कालवले जातात.)

बाहेरचं बघायचं तर कर्नल राज्यवर्धन राठोड दोनदा खासदार होऊन २०२३ मध्ये राजस्थानात झोटवाड्यातून आमदार झाले आणि मंत्री पण. मेजर जनरल खंडुरी उत्तराखंडचे मुख्यमंत्री होते. आणि त्याच उत्तराखंडात, जिथे घरटी एक फौजी म्हणतात, २०२२ मध्ये आम आदमी पक्षाने कर्नल अजय कोठियाल यांना मुख्यमंत्रिपदाचा चेहरा केलं तर ते गंगोत्रीत स्वतःच पडले. त्याच वर्षी पंजाबात कॅप्टन अमरिंदर सिंग पटियालात पडले, माजी मुख्यमंत्री असून.

गोव्याच्या बाबतीत गंमत अशी की वर्दीतला माणूस इथे सत्तेवर बसला, पण मतांवर नव्हे, हुकमावर. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा पहिले मिलिटरी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ. मतदान होऊन भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार यायला डिसेंबर १९६३ उजाडला. पुढे १९९९ मध्ये राष्ट्रपती राजवट लागली तेव्हा राज्यपाल होते लेफ्टनंट जनरल जेकब, १९७१ च्या युद्धातल्या ढाक्याच्या शरणागतीतले. जुने लोक अजून म्हणतात जेकबसारखा पाहिजे, खात्यांना पळायला लावलं. असेलही लावलं. पण जनरलना कोणाच्या दारात मत मागायला जायचं नव्हतं, शेजाऱ्याच्या कुंपणाचं भांडण ऐकून घ्यायचं नव्हतं. आमदाराला ते जन्मभर ऐकावं लागतं.

प्रचारात काय बोलायचं, काय नाही

निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये पक्षांना कळवलं होतं की सैनिकांचे, सैन्याच्या कार्यक्रमांचे फोटो प्रचारात वापरू नका, आणि मार्च २०१९ मध्ये, बालाकोटनंतर वैमानिक अभिनंदन यांचे फोटो होर्डिंगवर चढले तेव्हा ते परत बजावलं. कारण सरळ आहे, सैन्य कुठल्याच पक्षाचं नाही. मग स्वतः फौजी असलेल्याने काय करायचं? 'मी इतकी वर्षं अमक्या रेजिमेंटमध्ये होतो' हे सांगायला कोणी अडवत नाही, नावाआधी रँक आणि पुढे रिटायर्ड हेही चालतं. पण वर्दी घालून दारोदार फिरणं नको. आपण अजून नोकरीत आहोत असं लोकांना वाटावं म्हणून सैनिकाचा पेहराव घालणं हा गुन्हाच आहे. आणि कुठल्या ऑपरेशनमध्ये काय झालं ह्याच्या कथा रंगवताना सांभाळून, ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट रिटायर झाल्यावर सुटत नाही.

मतदारासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. फॉर्म २६ च्या प्रतिज्ञापत्रात उमेदवाराला गुन्हेगारी केसेस, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, उत्पन्न हे सगळं लिहावं लागतं आणि ते आयोगाच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येतं. पण मेडल कुठली, कुठल्या युद्धात होता, डिस्चार्ज कसा झाला असा रकाना त्यात नाही. निवडणूक अधिकारी तुमची फौजी कारकीर्द तपासत नाही. त्यामुळे भाषणात कोणी म्हणाला मी कारगिलला होतो तर ते त्याचं बोलणं झालं, सरकारी शिक्का नव्हे. खऱ्या माणसाला डिस्चार्ज बुक दाखवायला लाज वाटत नाही, विचारा बिनधास्त.

आणि निवडून आला तर

इथे मला जरा स्पष्ट बोलायचंय. फौजी उमेदवाराच्या सभेत माजी सैनिक पुढच्या रांगेत बसतात आणि विषय निघतात ते वन रँक वन पेन्शनचे, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या औषधांचे, कँटीनचे. हे सगळं केंद्राचं आहे. संरक्षण हा विषय घटनेच्या केंद्र सूचीत आहे, गोव्याच्या विधानसभेने एकमताने ठराव केला तरी पेन्शनमध्ये एक रुपया इकडचा तिकडे होत नाही, ठराव दिल्लीला जातो आणि तिथे फायलीत बसतो. राज्याच्या हातात असतं ते शौर्यपदकाला मिळणारं रोख बक्षीस, राज्याच्या नोकऱ्यांतलं आरक्षण, सैनिक कल्याणाच्या ऑफिसात माणसं नेमणं, असं थोडंफार. तेवढ्यासाठी आमदार व्हायची गरज नाही.

आमदाराचं खरं काम पर्वरीला विधानसभेत चालतं आणि त्यातलं मोठं हत्यार म्हणजे एलएक्यू, सभागृहात सरकारला विचारायचे तारांकित आणि अतारांकित प्रश्न. जमीन रूपांतर कोणाच्या नावावर किती झालं, कुठल्या गावात किती घरांना नळ आहे आणि किती घरांना पाणी आहे, कदंब ह्या सरकारी महामंडळाच्या किती बसगाड्या बंद पडून आहेत, हे खात्याला लेखी द्यावं लागतं आणि चुकीचं दिलं तर मंत्री अडचणीत येतो. पावसाळी अधिवेशनात एखादा आमदार नीट तयारी करून बसला तर एकटा असून सरकारला घाम फोडतो, आणि शुक्रवारी खाजगी ठराव मांडता येतात. म्हादईचं पाणी, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींची ८८ लीज रद्द केल्यावर डिचोली-सत्तरीत बसलेल्या ट्रकवाल्यांचं पुढे काय, डोंगरकापणी, असे विषय आहेत. सप्लाय कोअरमध्ये हिशोब ठेवलेला, सिग्नल्समध्ये यंत्रं सांभाळलेली, इंजिनियर्समध्ये पूल बांधलेला माणूस ह्या कामाला चांगला लागू पडू शकतो, खरंच. पण ते त्याने सभेत सांगितलं पाहिजे, नुसतं 'मी सीमेवर होतो' ऐकून पाण्याचा प्रश्न सुटत नाही.

आणि पक्षाची शिस्त. सैनिकाला हुकूम पाळायची सवय असते म्हणून व्हिप त्याला जड जाणार नाही असं कोणाला वाटेल. व्हिप म्हणजे सभागृहात पक्ष सांगेल तसंच मत द्यायचं, नाही दिलं तर आमदारकी जाऊ शकते, घटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली. पण त्याच परिशिष्टात दोन तृतीयांश आमदारांनी मिळून विलीनीकरण केलं तर वाट मोकळी आहे, आणि ती वाट गोव्याइतकी दुसऱ्या कोणाला पाठ नसेल. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपात, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. त्या वर्षी निवडणुकीआधी उमेदवारांना महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घातली होती, देवांनी काय ते बघून घेतलं असेल. अपक्षाला ही वाट नाही. तो बाहेरून पाठिंबा देऊ शकतो, डिचोलीचे चंद्रकांत शेट्ये आणि दुसऱ्या दोन अपक्षांनी २०२२ मध्ये भाजपला दिला तसा, पण निवडून आल्यावर पक्षात गेला की अपात्र. म्हणून फौजी उमेदवार दारात आला की विचारायचं ते हे, की पक्षातले सात जण उठून निघाले तर तू कुठे असशील. उत्तर देताना चेहरा बघा.

पेन्शनचं काय होतं हेही लोक विचारतात. आमदारकीचा पगार सुरू झाला म्हणून सैन्याची पेन्शन बंद होत नाही, ती चालूच राहते.

हरला तर एक काम उरतं जे हरलेले लोक हटकून विसरतात. निकालापासून ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशोब पावत्यांसकट जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, जिंकलेल्याने आणि हरलेल्यानेही, डिपॉझिट गेलेल्यानेही. नाही दिला आणि कारण पटणारं नसलं तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र करू शकतो, आणि मग तेवढ्या मुदतीत विधानसभाही नाही आणि लोकसभाही नाही.